ॲनिमेशनपट आणि मानसशास्त्राची पाच क्षेत्रं : पहिल्यांदाच प्रकल्प करणाऱ्यांसाठी

एक ॲनिमेशनपट घ्यायचा आणि मानसशास्त्राच्या पाच क्षेत्रांच्या चष्म्यातून तो उलगडायचा, असा प्रकल्प मानसशास्त्राच्या वर्गात मिळाला की सुरुवातीला सगळे खूश असतात. पिक्चर बघायचा आणि त्यावर लिहायचं, यात अवघड ते काय? पंधरवड्यानंतर बघावं तर निम्म्यांनी अख्खी कथा उतरवून काढलेली असते आणि शेवटच्या पानावर फ्रॉइडचं नाव टाकून सुटका करून घेतलेली असते. कोल्हापुरात शिकताना मी हा प्रकल्प केला. तेव्हापासून धाकट्या वर्गांतली पोरंपोरी दरवर्षी तेच प्रश्न घेऊन येतात: कुठला पिक्चर घेऊ, क्षेत्रं नक्की किती, पात्राला आजार आहे असं लिहिलं तर चालेल का. म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय.

बाकीच्या पायऱ्या ज्यावर उभ्या आहेत ती गोष्ट आधी सांगतो. क्रम असा ठेवा: आधी दृश्य, मग त्यात दिसलेलं वर्तन, मग संकल्पना आणि शेवटी ती संकल्पना कुठं तोकडी पडते ते. पुस्तकातली व्याख्या आधी धरून तिला साजेसं दृश्य शोधत बसलात तर तुमचा प्रकल्प आणि शेजारच्या बाकावरच्याचा प्रकल्प यात फक्त नावाचा फरक उरतो.

काय काय लागेल

- विभागानं दिलेलं सूचनापत्रक. शब्दमर्यादा, भाषा, क्षेत्रांची यादी आणि तोंडी परीक्षा आहे की नाही, हे त्यात बघून घ्या. पत्रक नसेल तर सरांना किंवा मॅडमना विचारून वहीत लिहून घ्या. 'बहुतेक असंच असेल' यावर जाऊ नका.
- चित्रपट ओटीटीवर किंवा अधिकृत डीव्हीडीवर, शक्यतो सबटायटल्ससकट. टेलिग्रामवरच्या चोरीच्या प्रतींत दृश्यं कापलेली असतात आणि नेमकं तुम्हाला हवं तेच दृश्य गायब असतं.
- एक वही. मोबाइलवर नोंदी घेतल्या तरी चालतं, पण त्याच मोबाइलवर पिक्चर बघत असाल तर वहीच बरी.
- प्रास्ताविक मानसशास्त्राचं एक मराठी पाठ्यपुस्तक आणि पडताळण्यासाठी एक इंग्रजी. शिवाजी विद्यापीठातल्या बॅ. बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयात बसून वाचायचं असेल तर ओळखपत्र जवळ ठेवा. गावातच काम भागवायचं असेल तर १८५० पासून चालू असलेलं करवीर नगर वाचन मंदिर आहे.
- युनिकोडमध्ये मराठी टाइप करण्याची सोय. याचं कारण नवव्या पायरीत येईल.

## १. चित्रपट निवडा, पण सगळे घेतात तो नको

दहापैकी सात जण 'इनसाइड आउट' घेऊन येतात. साहजिक आहे. २०१५ च्या या चित्रपटात रायली नावाच्या अकरा वर्षांच्या मुलीच्या डोक्यातच सगळं घडतं आणि आनंद, दुःख, राग, भीती, किळस या भावनाच पात्रं होऊन वावरतात. निर्मात्यांनी पॉल एकमन आणि डॅकर केल्टनर या मानसशास्त्रज्ञांचा सल्लाही घेतला होता. अडचण तीच आहे. मानसशास्त्र चित्रपटानंच उलगडून ठेवलंय, मग तुम्ही काय उलगडणार?

तरी घ्यायचाच असेल तर त्याच्याशी वाद घाला. एकमनच्या मूळ यादीत आश्चर्य धरून सहा भावना होत्या, पडद्यावर पाचच आल्या. आठवणी तिथं गोळ्यांसारख्या रचून ठेवलेल्या दिसतात. पण फ्रेडरिक बार्टलेटनं १९३२ मध्येच दाखवलं होतं की माणूस आठवण कपाटातून काढत नाही, दरवेळी नव्यानं बांधतो. असा एखादा धागा पकडता आला तर घ्या, नाहीतर दुसरं काही बघा.

निवडताना चार गोष्टी तपासा. एखाद्या पात्राचं वागणं सुरुवातीपासून शेवटापर्यंत बदलतं का? दोन पिढ्यांचं नातं आहे का? एखादा गट आहे का? आणि कुणी काही गमावलंय का? चारही असतील तर पाचही क्षेत्रांना खाद्य मिळतं.

या लेखात मी उदाहरणाला 'फाइंडिंग नीमो' घेतलाय. पिक्सारचा, अँड्र्यू स्टँटन दिग्दर्शित, २००३ चा. गोष्ट थोडक्यात: मर्लिन या क्लाउनफिशचा मुलगा नीमो पाणबुड्याच्या हाती लागून सिडनीतल्या दंतवैद्याच्या टाकीत पोचतो आणि मर्लिन वाटेत भेटलेल्या डोरीला घेऊन त्याला शोधायला निघतो. बहुतेकांनी लहानपणी पाहिलेला असतो आणि त्यातल्या एकाही पात्राच्या तोंडी मानसशास्त्राचं व्याख्यान नाही.

जाता जाता एक. कोल्हापूर हे चित्रपटकार बाबूराव पेंटरांचं गाव, 'प्रभात' ही चित्रपट कंपनीही १९२९ साली इथंच उभी राहिली. त्यामुळं कोल्हापुरी माणसाला सिनेमावर मत असतंच. रंगसंगती, संगीत, कॅमेरा यावर दोन पानं भरून आणणारे दरवर्षी भेटतात. ते रसग्रहण झालं, त्याचे इथं मार्क नाहीत.

## २. दोनदा बघा, दुसऱ्यांदा वही घेऊन

पहिल्यांदा नुसता बघा. हसा, रडा, वडापाव खा. दुसऱ्यांदा थांबवत थांबवत बघा आणि तीन रकाने भरा: दृश्य आणि त्याची वेळ, दिसलेलं वर्तन, माझा अंदाज.

मधल्या रकान्यात बहुतेकांचा घोळ होतो. 'मर्लिन घाबरट आहे' हे वर्तन नव्हे, तो तुमचा निष्कर्ष. शाळेच्या पहिल्या दिवशीचं दृश्य घ्या. मर्लिन बाप आहे, नीमो त्याचा मुलगा. घरातून निघताना मर्लिन बाहेर डोकावतो, परत आत येतो, पुन्हा बाहेर जातो, पुन्हा आत. असं करायचं असतं हे नीमोला शिकवतोही. मुलाचा एक पर जन्मतः लहान आहे, त्याची चौकशी करतो. आणि शाळेत इतक्या लवकर पाठवायलाच नको होतं, असा सूर लावतो. हे वर्तन. 'धोक्याबद्दल गरजेपेक्षा जास्त सावध' हा अंदाज, तो तिसऱ्या रकान्यात.

दृश्यावरून थेट स्वभावावर उडी मारायची आपल्या सगळ्यांनाच खोड असते. परिस्थितीकडं काणाडोळा करून वागण्याचं खापर स्वभावावर फोडणं, याला ली रॉसनं १९७७ मध्ये मूलभूत आरोपण दोष म्हटलंय. प्रकल्पात हाच दोष करून ठेवला आणि परीक्षकांनी तो दाखवला तर भारीच पंचाईत.

## ३. पाच क्षेत्रं नक्की कोणती

अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशननं प्रास्ताविक अभ्यासक्रमासाठी पाच खांब मानलेत: जैविक, बोधनिक (स्मृती, विचार, आकलन), वैकासिक (वाढ आणि बदल), सामाजिक व व्यक्तिमत्त्व, आणि मानसिक व शारीरिक आरोग्य. काही ठिकाणी अध्ययन वेगळं धरतात, काही ठिकाणी व्यक्तिमत्त्वाला स्वतंत्र प्रकरण देतात. तुमच्या पत्रकात जे असेल ते प्रमाण.

एक पात्र म्हणजे एक क्षेत्र अशी वाटणी मात्र करू नका. डोरी बोधनिकला, मर्लिन आरोग्याला, नीमो वैकासिकला असे डबे पाडले की प्रकल्प सोपा होतो आणि पातळही होतो. खाली मी पात्रांच्या क्रमानं जातोय, पण प्रत्येकाकडं एकापेक्षा जास्त क्षेत्रं कशी येतात ते बघा.

## ४. डोरी : पात्र स्वतःबद्दल सांगतं ते पुरावा नव्हे

डोरी ही निळी मासोळी भेटल्या भेटल्या सांगून टाकते की तिची अल्पकालीन स्मृती गेलेली आहे. मुलं तेच वाक्य उचलून प्रकल्पात टाकतात. पण तिचं वागणं बघा. समोरच्याचं बोलणं ती ऐकते, त्याला धरून उत्तर देते, वाक्य अर्धं सोडत नाही. म्हणजे काही सेकंद माहिती धरून ठेवणारी अल्पकालीन स्मृती बऱ्यापैकी ठीक आहे. थोड्या वेळापूर्वी काय झालं, सोबत कोण आहे, कशासाठी निघालोय, हे तिच्या डोक्यातून निघून जातं. बिघाड आहे तो नवा अनुभव दीर्घकालीन स्मृतीत रुजण्याच्या टप्प्यावर. याला अँटेरोग्रेड ॲम्नेशिया म्हणतात.

इथं जैविक क्षेत्र आणायचं तर हेन्री मोलेसनशिवाय पर्याय नाही. जुन्या पुस्तकांत तो नुसता 'एच. एम.' म्हणून सापडतो. वारंवार येणाऱ्या फिट्स थांबाव्यात म्हणून १९५३ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पसचा (नव्या आठवणी पक्क्या करणाऱ्या भागाचा) बराचसा भाग आणि लगतचा भाग काढण्यात आला. फिट्स कमी झाल्या, पण नव्या आठवणी तयार होणं जवळपास थांबलं. ब्रेंडा मिल्नरनं त्याला आरशात बघून चांदणीची आकृती गिरवायला दिली. रोजच्या सरावानं त्याचा हात सुधारत गेला. तरी दरवेळी आपण हे पहिल्यांदाच करतोय असंच त्याला वाटायचं. कौशल्याची स्मृती आणि घटनांची स्मृती वेगळ्या वाटांनी चालतात, हे त्यातून दिसलं.

आता डोरीकडं परत या. पाणबुड्याच्या गॉगलवर लिहिलेला सिडनीचा पत्ता ती खोल अंधारात वाचते. वाचता येणं हे जुनं, पक्कं झालेलं ज्ञान, ते शाबूत आहे. इथवर मोलेसनशी छान जुळतं.

आणि आता न जुळणारी जागा, जिथं खरे मार्क आहेत. वाचलेला पत्ता ती घोकत राहते. घोकणं म्हणजे उजळणी, माहिती टिकवण्याचं साधं साधन. पीटरसन दांपत्यानं १९५९ च्या प्रयोगात लोकांना तीन व्यंजनांचे निरर्थक गट दिले आणि लगेच उलटे आकडे मोजायला लावले. उजळणीची वाट बंद झाली आणि १८ सेकंदांत बहुतेक गट पुसले गेले. डोरीच्या उजळणीतही वाटेत शंभर अडथळे येतात. जेलीफिश येतात, कासवं येतात, देवमासा येतो. तरी पत्ता टिकतो. पुढं मर्लिनपासून तुटल्यावर ती सगळं विसरते, नीमो समोर असून त्याला ओळखत नाही. मग एका पाइपवर 'सिडनी' हा शब्द दिसतो आणि धडाधड सगळं परत येतं.

म्हणजे काय झालं? खुणेनं आठवण परत आली, याचा अर्थ ती साठली होती. अडचण साठवण्यात नव्हती, बाहेर काढण्यात होती. अँटेरोग्रेड ॲम्नेशियात नेमकं उलटं असतं. मर्लिनच्या सहवासात आपल्याला जास्त आठवतं असंही ती म्हणते. भावना आणि स्मृती यांचा संबंध खरा आहे, अमिग्डाला हा मेंदूतला भावनांशी निगडित भाग त्यात भाग घेतो, पण मायेनं हिप्पोकॅम्पस दुरुस्त होत नाही. हा परिच्छेद तुमच्या शब्दांत नीट जमला तर बोधनिक आणि जैविक, दोन्ही क्षेत्रं मार्गी लागली.

आणखी एक सावधगिरी. माशाचा मेंदू आपल्यासारखा नाही. प्रकल्पाच्या सुरुवातीलाच एक ओळ लिहा: 'ही पात्रं माशांच्या रूपातली माणसं आहेत असं गृहीत धरलं आहे.' खऱ्या जीवशास्त्रात शिरलात तर गोत्यात याल. क्लाउनफिशच्या जोडीतली मादी मेली की उरलेला नर स्वतःच मादी होतो, त्यामुळं खऱ्या समुद्रात मर्लिन नीमोची आई झाला असता! तोंडी परीक्षेत सांगायला मात्र ही गंमत चांगली आहे.

## ५. मर्लिन : निदान करू नका

चित्रपट उघडतो तेव्हाच बॅराकुडाच्या हल्ल्यात मर्लिनची बायको कोरल आणि जवळपास सगळी अंडी जातात. एकच उरतं. तिथून पुढचा मर्लिन आपल्याला माहीत आहे.

'मर्लिनला पीटीएसडी आहे.' हे वाक्य मी इतक्या प्रकल्पांत वाचलंय की विचारू नका. २०१३ च्या डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या अमेरिकन निदानपुस्तिकेत आघातोत्तर ताण विकृतीचे (म्हणजेच पीटीएसडीचे) निकष गटागटानं दिलेत: आघाताचा अनुभव, नको असताना घुसणाऱ्या आठवणी, टाळाटाळ, विचार आणि मनःस्थितीतले नकारात्मक बदल, सतत ताणलेली सावधता, आणि हे सगळं महिन्याहून जास्त. कोष्टक करा. एका बाजूला निकष, दुसऱ्या बाजूला दृश्य. आघात आहे. टाळाटाळ आहे, खोल समुद्राच्या कडेकडं तो फिरकत नाही. सावधता तर घराच्या दारापासून आहे. पण भयस्वप्नं किंवा घुसणाऱ्या आठवणी? तो रकाना जवळपास रिकामा राहतो. मग लिहायचं ते असं: 'काही लक्षणांशी साधर्म्य दिसतं, निदानाला पुरेसा पुरावा चित्रपटात नाही.' निदान करायला प्रशिक्षित माणूस आणि समोर बसलेला रुग्ण लागतो. सवय आत्ताच लावून घ्या, पुढं घरच्यांवर आणि मित्रांवर शिक्के मारायची खोड लागत नाही.

आता तोच मर्लिन वैकासिक चष्म्यातून बघा. डायना बॉमरिंडनं १९६० च्या दशकात पालकत्वाच्या तीन शैली मांडल्या: अधिकारयुक्त, हुकूमशाही आणि मोकळीक देणारी. दुर्लक्ष करणारी ही चौथी शैली मॅकोबी आणि मार्टिन यांनी १९८३ मध्ये जोडली. मुलं मर्लिनला पटकन हुकूमशाहीत ढकलतात. तिथं तो बसत नाही. हुकूमशाहीत धाक जास्त आणि माया कमी असते. मर्लिनकडं माया ओसंडून वाहते आणि बंधनंही तेवढीच. हे अतिसंरक्षण, बॉमरिंडच्या चौकटीत नीट न मावणारं. समोर क्रश नावाचं कासव ठेवा. त्याचं पिल्लू प्रवाहाबाहेर फेकलं जातं, मर्लिन झेपावायला निघतो, क्रश त्याला थांबवतो आणि पिल्लू स्वतःहून परत येतं की नाही ते बघतो. दोन बापांची तुलना एका दृश्यात मिळते, सोडू नका.

हे लिहिताना घरातलं काही वर आलं, कुणी गेलेलं आठवलं, तर चित्रपट बदला. प्रकल्पापुरतं कुणाला हे सगळं उकरायची सक्ती नाही. बोलावंसं वाटलं तर सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या नंबरवर फुकट आहे.

## ६. नीमो आणि टाकीतली टोळी

नीमो बोटीला शिवायला का जातो? कुतूहल म्हणून, हे उत्तर अर्धं आहे. दृश्य परत बघा. तो कडेवर मित्रांबरोबर थांबलेला असतो, जायचं धाडस करत नसतो. मर्लिन येतो आणि सगळ्यांदेखत सांगतो की तुला नीट पोहता येत नाही. त्यानंतर नीमो जातो. जॅक ब्रेमनं १९६६ मध्ये मांडलेली प्रतिक्रियात्मकता हीच: स्वातंत्र्य काढून घेतलं जातंय असं वाटलं की माणूस नेमकं तेच करतो. दृश्यांचा क्रम नोंदवला नसेल तर हे हातातून निसटतं, म्हणून वेळेचा रकाना.

दंतवैद्याच्या टाकीत पोचल्यावर नीमो फिल्टरच्या नळीत अडकतो. बाकीचे मदतीला धावतात. गिल त्यांना अडवतो. तू आत गेलास, तूच बाहेर ये, असा त्याचा सूर असतो आणि नीमो येतो. अल्बर्ट बांडुरानं १९७७ मध्ये स्व-कार्यक्षमतेचे, म्हणजे 'हे मला जमेल' या विश्वासाचे, चार स्रोत सांगितले: स्वतः काही जमवून दाखवणं, आपल्यासारख्या कुणाला तरी जमताना बघणं, दुसऱ्यानं धीर देणं आणि शरीराची-मनाची त्यावेळची अवस्था. नळीतून सुटका हा पहिला स्रोत. गिलचाही एक पर जायबंदी आहे, तो नीमोला दिसतो, हा दुसरा. मर्लिननं त्याला यातलं काय दिलं होतं, याचा हिशेब तुम्ही मांडा.

सामाजिक क्षेत्राला टाकीसारखी जागा नाही. रात्री नीमोचा दीक्षाविधी होतो, त्याला बुडबुड्यांच्या कड्यातून जावं लागतं आणि नवं नाव मिळतं. ॲरनसन आणि मिल्स यांनी १९५९ मध्ये दाखवलं की गटात शिरायला जितकं सोसावं लागतं तितका तो गट जास्त आवडू लागतो. ज्यांचं बालपण तालमीत किंवा मंडळात गेलंय त्यांना हे समजावून सांगायला नको. टोपणनाव पडलं की माणूस आपला झाला! शाहू स्टेडियमवर पेठेचा फुटबॉल सामना असेल त्या दिवशी 'आपले' आणि 'त्यांचे' कसे तयार होतात, हे उदाहरण तोंडी परीक्षेला तयार ठेवा. लेखी प्रकल्पात एका ओळीपेक्षा जास्त नको.

टाकीतल्या माशांची डार्लाविषयीची भीती हे अभिजात अभिसंधानाचं (एका गोष्टीशी दुसरी जोडली गेली की नुसत्या दुसरीनंही तीच प्रतिक्रिया येणं) आवडतं उदाहरण. डार्ला दंतवैद्याची भाची, तिनं आधीचा मासा पिशवी हलवून हलवून मारला. आता तिचा नुसता फोटो दिसला तरी सगळे हादरतात. ठीक. पण नीमोनं तर ते पाहिलेलं नाही, त्याला नुसतं सांगितलं. मग त्याची भीती अभिसंधानातून आली म्हणायची का? ती ऐकून आणि इतरांच्या चेहऱ्याकडं बघून शिकलेली. दोन वेगळ्या वाटा, दोन वेगळी वाक्यं.

शार्कांच्या मंडळीत ब्रूस मासे न खाण्याची शपथ घेतो आणि रक्ताचा वास येताच बिथरतो. गटाचा नियम एकीकडं, जैविक ओढ दुसरीकडं. परिच्छेदभर पुरेसं आहे.

## ७. एका दृश्यावर पाचही क्षेत्रं

शेवटच्या भागासाठी एकच दृश्य निवडा आणि पाचही क्षेत्रं त्यावर लावा. मी देवमाशाच्या तोंडातलं दृश्य सुचवेन. पाणी ओसरतंय, मर्लिन जिभेला घट्ट धरून आहे, डोरी म्हणते की देवमासा सोडायला सांगतोय. काही वाईट होणार नाही कशावरून, असं मर्लिन विचारतो. तिला माहीत नाही, असं ती सरळ सांगते. आणि तो सोडतो.

जैविक: धोक्याच्या क्षणी शरीराची लढा-किंवा-पळा सज्जता, वॉल्टर कॅननची. बोधनिक: अनिश्चित म्हणजे वाईटच, हा त्याचा आजवरचा हिशेब पहिल्यांदा मोडतो. वैकासिक: विकास मुलाचाच होतो असं नाही, प्रौढ बापही इथं बदलतो; पुढं मासेमारीच्या जाळ्याजवळ तो नीमोला सोडतो त्याची तयारी इथं होते. सामाजिक: पुरावा नसताना दुसऱ्यावर ठेवलेला भरवसा. आरोग्य: घट्ट धरून ठेवणं हे सुरक्षिततेसाठीचं वर्तन होतं, ते सोडल्यावरच भीती कमी होते.

शेवटच्याला एक जोड हवी. भीतीला सामोरं नेणारी उपचारपद्धती ठरवून, पायरीपायरीनं, रुग्णाच्या संमतीनं केली जाते. कुणालाही न विचारता देवमाशाच्या घशात सोडणं म्हणजे उपचार नव्हे.

## ८. लिहिताना नेहमी होणारे घोळ

कथासार अर्ध्या पानाच्या वर नको. पात्रांची नावं आणि शास्त्रज्ञांची नावं सगळीकडं एकसारखी लिहा. एका पानावर बांडुरा आणि दुसऱ्यावर बंडुरा दिसला की कॉपी केल्याचा संशय येतो. 'पाश्चात्त्य चित्रपट आपल्या संस्कृतीला लागू नाही' हे मोघम वाक्य टाळा. लागू नसेल तर कुठलं दृश्य, का, ते सांगा. एकट्यानं मूल वाढवणारा मर्लिन आणि आजी-आत्या-काकूंनी भरलेलं घर, हा फरक खरा आहे आणि त्यावर लिहिता येतं.

फ्रॉइड. इदम् (आदिम ओढी), अहम् (वास्तवाचं भान), पराहम् (नैतिक टोचणी) ही तीन पात्रांना वाटून देणं सोपं आहे, म्हणूनच सगळे करतात. फ्रॉइडच्या मांडणीत ते तिन्ही एकाच माणसात असतात. वाटून देणार असाल तर हे आधी लिहा, नाहीतर नका देऊ.

एआयकडून लिहून घेतलेले प्रकल्प ओळखू येतात. त्यात चित्रपटात नसलेली दृश्यं सापडतात. प्रत्येक दाव्यापुढं वहीतली वेळ असेल तर तुमच्यावर कुणी बोट ठेवणार नाही.

लहान मुलांना चित्रपट दाखवून त्यांच्या प्रतिक्रिया घ्यायच्या असतील तर आधी मार्गदर्शकांची परवानगी, मग पालकांची लेखी संमती, आणि अहवालात मुलांची नावं नाहीत. भाची-पुतण्या असला तरी.

## ९. टायपिंग आणि छपाई

राजारामपुरीत गल्लोगल्ली डीटीपी आणि झेरॉक्सची दुकानं आहेत, छपाईची चिंता नको. चिंता फॉन्टची. मराठी जुन्या, बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये टाइप करून घेतलं आणि फाइल दुसऱ्या मशीनवर उघडली की अक्षरांचा चिवडा होतो, जोडाक्षरं तर पहिली जातात. युनिकोडमध्ये स्वतः टाइप करा, पीडीएफ करा, पीडीएफच छापायला द्या. छापण्यापूर्वी पीडीएफ मोबाइलवर उघडून 'क्षेत्र', 'द्वारा', 'स्मृती' असे शब्द डोळ्यांखालून घाला. स्पायरल बाइंडिंग शेवटच्या दिवशी करायला जाऊ नका, त्या दिवशी अख्खं कॉलेज तिथंच रांगेत असतं.

## १०. तोंडी परीक्षा

हमखास विचारतात असे तीन प्रश्न. एक, हाच चित्रपट का? 'आवडतो म्हणून' हे उत्तर नाही. पहिल्या पायरीतल्या चार कसोट्या सांगा. दोन, अमुक संकल्पना दुसऱ्या कुठल्या दृश्याला लावता येईल? वहीत न वापरलेली दोन-तीन दृश्यं राखून ठेवा. तीन, कुठलं क्षेत्र तुमच्या चित्रपटाला सगळ्यात कमी लागू पडलं? इथं मुलं गडबडतात आणि पाचही सारखीच लागू पडली म्हणतात, जे खरं नसतं. नीमोच्या बाबतीत मी जैविक म्हणेन: मेंदूचं काहीच पडद्यावर दिसत नाही, वर्तनावरून मागं जाऊन अंदाज करावा लागतो.

परीक्षकांनी चित्रपट पाहिलेलाच नसेल, हीही शक्यता धरा. तीन वाक्यांत कथा सांगायचा घरी कुणासमोर तरी सराव करा. आजोबांना कळली तर परीक्षकांना कळेल.